परीक्षेची गोष्ट: मोह आणि विश्वास यांवर ख्रिस्ती कथा लिहिताना

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाताळ अंकासाठी येणाऱ्या कथा मी दरवर्षी वाचते. त्यांत एक गोष्ट सारखी दिसते: विश्वासाला तीन पानं आणि मोहाला तीन ओळी. नायक दारूला लागतो किंवा पैसा खातो. का, ते कळत नाही. मग एखाद्या सभेत वचन कानावर पडतं, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि कथा संपते. लिहिणाऱ्याचं मन साफ असतं, साक्ष, म्हणजे त्याने सांगितलेला विश्वासाचा अनुभव, तीही खरी असते. तरी वाचणारा हलत नाही, कारण या माणसाने नेमकं काय सोडलं हे त्याला दिसलेलंच नसतं. मोह खरा वाटला तरच विश्वास खरा वाटतो. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी.

हा प्रांत आपल्याला परका नाही. मराठीतली पहिली म्हणून जिला मान मिळतो ती कादंबरी 1857 साली बाबा पदमनजींनी, म्हणजे एका ख्रिस्ती माणसानेच लिहिली. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली निघालं, ‘निरोप्या’ 1903 साली. आपल्याकडे लिहिण्या-छापण्याची परंपरा जुनी आहे. मोहाबद्दल हिमतीने लिहायला मात्र आपण अजून बिचकतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण बराच वेळ सोबत ठेवते. एस्तेर, पुण्यातल्या एका मराठी मंडळीची खजिनदार. नवरा टेम्पो चालवायचा. अपघात झाल्यापासून घरीच आहे. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. पहिला हप्ता 35,000 रुपये, सोमवारी दुपारच्या आत भरायचा. या महिन्याची भिशी उचलायची पाळी एस्तेरची आहे, पण ती मिळणार आठ दिवसांनी. आणि रविवारी झालेल्या हार्वेस्टच्या, म्हणजे देवळातल्या सुगीच्या सणाच्या, लिलावाची रोकड तिच्या कपाटात आहे.

पायरी पहिली: मंडळी ठरवा

‘पुण्यात एक ख्रिस्ती कुटुंब राहत होतं’ एवढ्यावर भागत नाही. गुरुवार पेठेत पंचहौदच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या जाणारं घर, नाना पेठेतल्या सिटी चर्चला मिस्सासाठी, म्हणजे कॅथॉलिक उपासनेसाठी, जाणारं घर (या देवळाला 1792 मध्ये पेशव्यांनी जागा दिली होती) आणि चिंचवडला दुकानांवरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळीतलं घर, या तिघांची रविवारची सकाळ वेगवेगळी असते. पहिल्या घरी पाळकसाहेब येतात, त्यांना बायको-मुलं असतात आणि उपासना छापील क्रमाने चालते. दुसऱ्या घरचे फादर अविवाहित. तिसऱ्या ठिकाणी पास्टर, कीबोर्ड, टाळ्या, लांब प्रार्थना आणि दारातच ‘प्रेझ द लॉर्ड’.

हा फरक नुसता सजावटीचा नाही, त्यावर कथानक उभं राहतं. पापनिवेदनात ऐकलेलं कॅथॉलिक फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही. तुमच्या कथेत फादरांनी ते गुपित फोडलं, की कॅथॉलिक वाचक तिथेच अंक मिटतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची गोष्ट वेगळी. अनेक पंथ एकत्र येऊन 1970 साली नागपुरात ही मंडळी स्थापन झाली. तिथे पापाची कबुली उपासनेत सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. एस्तेर अशा मंडळीतली असेल तर तिला तोंड लपवून बोलायला पडदा मिळणार नाही. पाळकसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या बायकोने आणून ठेवलेल्या चहासमोर, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागेल. पंथ ठरला की तुमचा सगळ्यात अवघड प्रसंगही ठरतो तो असा.

जिथली कथा लिहायची तिथे काही रविवार जाऊन बसा. प्रवचन ऐकाच, पण वही काढायची ती उपासना संपल्यावर. दानाचे पैसे कोण मोजतं, किती जण मिळून मोजतात, मोजणीच्या कागदावर कुणाच्या सह्या होतात, कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे टिपून घ्या. हार्वेस्टचा रविवार तर चुकवूच नका. वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, नारळ, तांदळाच्या पिशव्या, कुणी घरी केलेला केक. उपासनेनंतर लिलाव सुरू होतो आणि साधा भोपळा हजाराच्या घरात जातो, कारण बोली लावणाऱ्याला भोपळा नको असतो, दान द्यायचं असतं. पैसे बरेचसे रोख येतात आणि रविवारी बँक बंद. एस्तेरच्या कपाटातली पिशवी तिथून आली आहे. मोहाचा प्रसंग मला रचावा लागला नाही, मंडळीच्या रीतीनेच तो हातात ठेवला.

पायरी दुसरी: शास्त्र कथाकाराच्या नजरेने वाचा

मोहाबद्दल लिहिण्याआधी चार-पाच उतारे पुन्हा वाचा, आणि या वेळी बोध न शोधता प्रसंग कसा बांधलाय ते पाहा.

पहिला यहोशवाच्या 7व्या अध्यायातला आखान. यरीहो पडल्यावर लुटीतलं काही घ्यायचं नाही अशी सक्त आज्ञा होती. आखानाने शिनारचा एक सुंदर झगा, 200 शेकेल चांदी आणि 50 शेकेलांची सोन्याची एक वीट घेतली. पकडला गेल्यावर त्याने दिलेली कबुली मला शास्त्रातल्या सगळ्यात नेमक्या वाक्यांपैकी एक वाटते: मी पाहिलं, मला लोभ सुटला, मी घेतलं, आणि ते माझ्या तंबूत जमिनीत पुरलेलं आहे. चार क्रियापदांत सगळी कथा. उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायात हव्वेचंही हेच होतं. फळ दिसतं, हवंसं वाटतं, ती घेते, आणि मग दोघं झाडांआड लपतात. आपल्या बहुतेक कथा तिसऱ्या क्रियापदापासून सुरू होतात आणि चौथं विसरतात. पहिली दोन लिहायला सगळ्यात अवघड आणि वाचायला सगळ्यात खरी असतात.

दुसरा उतारा अरण्यातल्या परीक्षेचा. मत्तय 4 आणि लूक 4 शेजारी-शेजारी ठेवून वाचा. भाकर दोन्हीकडे पहिली, पुढचा क्रम मात्र वेगळा. मत्तय शेवटी डोंगरावर नेतो, जगातली राज्यं दाखवतो. लूक शेवटी मंदिराच्या टोकावर नेतो. कुठला मोह शेवटचा ठेवायचा यावर कथेचा तोल बदलतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं. आणखी एक बाब: मंदिराच्या टोकावर सैतान स्वतःच वचन सांगतो, 91व्या स्तोत्रातलं. येशू तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या शास्त्रातल्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर देतो. म्हणजे दोघांच्याही हातात शास्त्र आहे. लूकाच्या शेवटी सैतान कायमचा निघून जात नाही, पुढची संधी येईपर्यंत जातो. तुमच्या कथेच्या शेवटालाही एवढी मोकळीक असू द्या.

तिसरा उतारा याकोबाच्या पत्रातला, 1ला अध्याय, 13 ते 15 ओव्या. मोह माणसाच्या स्वतःच्या वासनेतून उठतो, वासना गर्भ धरते, पाप जन्मतं, पाप वाढलं की मरण. बाहेरचा सैतान दाखवून आतल्या माणसाला सोडून देऊ नये, हे इथे शिकायला मिळतं. याच्या जोडीला इब्री 4:15 वाचा. मोह होणं म्हणजे पाप नव्हे, ख्रिस्तालाही मोह झाला. हे पक्कं मनात असेल तर एस्तेरच्या मनातले वाईट विचार लिहायला हात कचरणार नाही.

आणि योहान 12:6. यहूदा इस्कर्योताकडे पैशांची थैली असायची आणि तो त्यातून काढून घ्यायचा. एस्तेर खजिनदार आहे. हे वचन तिला माहीत असणारच. कथेत कुठेही ते लिहू नका. पण तुम्हाला माहीत असू द्या की तिला माहीत आहे. तिच्या प्रत्येक हालचालीत ते उतरेल.

पायरी तिसरी: हवी असलेली गोष्ट चांगली असू दे

नायकाला जे हवं आहे ते स्वतःत वाईट असेल, तर वाचक आरामात बाजूला बसून न्याय करतो. त्याला उठवायचं असेल तर हवं ते चांगलं असलं पाहिजे. चाळीस दिवस उपाशी असलेल्याने भाकर मागणं यात काय वाईट? मुलीने नर्स व्हावं यात काय वाईट? आपल्या किती घरांना परिचारिकेच्या नोकरीने वर काढलंय, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. एस्तेरला चैन करायची नाही. तिला आठ दिवस हवे आहेत.

वस्तू छोटी असेल तर आणखी बरं. 1890 साली याच शहरात पंचहौदच्या मिशनमध्ये गोपाळराव जोशांच्या आमंत्रणावरून जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता पेला हातात धरला. मग नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, आणि टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला. ती कथा आपल्या विश्वासाची नाही, पण कथाकाराला त्यात मोठा धडा आहे. एक पेला चहा. त्याच्या एका बाजूला शिष्टाचार, दुसऱ्या बाजूला अख्खा समाज. तुमच्या कथेतही हातात मावेल अशी एक वस्तू असावी: किल्ली, सही, फोनवरचा न पाठवलेला निरोप, हिंजवडीतल्या नोकरीसाठी विकत मिळणारं खोटं अनुभवपत्र.

पायरी चौथी: मोहात पाडणारा माणूस प्रेमळ ठेवा

काळा गॉगल लावून, सिगारेट ओढत येणारा मित्र बाद करा. तो येताच वाचकाला सगळं कळतं. पेत्राने येशूला वधस्तंभापासून परावृत्त करायचा प्रयत्न केला तो प्रेमापोटी, आणि ‘सैताना, माझ्यापुढून चालता हो’ हे शब्द त्याच्या वाट्याला आले (मत्तय 16:23). सगळ्यात जड मोह माया करणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो.

एस्तेरच्या बाबतीत तो माणूस तिचा दीर आहे. भावाच्या अपघातात रात्र रात्र दवाखान्यात जागलेला, मनाने चांगला. तो म्हणतो:

“वहिनी, तुम्ही कुणाचं बुडवताय का? दहा तारखेला भिशी हातात आली की जिथल्या तिथे ठेवायचे. आणि पोरगी शिकून काय करणार? आजाऱ्यांची सेवाच ना? मग हे देवाचंच काम झालं.”

त्याचं प्रत्येक वाक्य वेगळं काढून तपासा. बुडवायचं नाही, खरं. परत ठेवता येतील, खरं. सेवा देवाचं काम, खरं. खोटं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून ते चिकटतं. तुमच्या कथेतल्या मोहाच्या संवादाला ही कसोटी लावा. एखादं वाक्य उघड खोटं निघालं तर ते खोडून दुसरं, जास्त खरं वाक्य शोधा. शक्य असेल तर त्यात एखादं वचनही येऊ द्या, स्तोत्र 91 आठवून.

या जागी एक कळकळीची विनंती. मोहात पाडणारा दुसऱ्या धर्माचा आणि सोडवणारा आपल्या धर्माचा, ही मांडणी करू नका. ती खोटी आहे. आपल्याला मोहात पाडायला आपली माणसं पुरतात. आणि पुण्याच्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत आपण ज्यांच्या शेजारी राहतो त्यांच्यावर तो अन्याय आहे. एस्तेरच्या शेजारच्या काकूंना कथेत आणायचं असेल तर नवऱ्याच्या दुखण्यात पोळ्या पाठवणाऱ्या काकू म्हणून आणा.

पायरी पाचवी: वेग कमी करा

मोह एका क्षणात होत नाही, बारीक बारीक परवानग्यांनी होतो. प्रत्येक परवानगी निष्पाप दिसते. ‘नोटा फक्त लावून ठेवते’ ही पहिली. म्हणून हा प्रसंग कथेतला सगळ्यात संथ प्रसंग असावा. अडीच हजार शब्दांची कथा असेल तर निदान सहाशे शब्द इथे घाला. प्रसंग असा लिहिता येईल:

> रात्री सगळे निजल्यावर एस्तेरने कपाटातून पिशवी काढली. सकाळी बँकेत धांदल नको, नोटा आत्ताच लावून ठेवू. पाचशेच्या एकीकडे, शंभरच्या एकीकडे, दहा-वीसच्या पिशवीच्या तळाशी. एका नोटेला केळीचा चीक लागला होता. तिने पदराने पुसला, गेला नाही. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. हात थांबला. पाचशेच्या सत्तर. तिने पुन्हा मोजल्या. सत्तरच. तिने त्या गठ्ठ्याला रबर लावलं. बाकीच्या नोटा तशाच राहिल्या. आत मुलगी कूस बदलताना खाट वाजली. एस्तेरने गठ्ठा मांडीखाली सरकवला, आणि मग, आपण तो का सरकवला, म्हणून बराच वेळ तशीच बसून राहिली.

यात ‘मोह’ हा शब्द नाही, सैतान नाही, मनाचं द्वंद्व वगैरे काही नाही. आखानाची चार क्रियापदं मात्र सगळी आहेत: नोटा दिसणं, सत्तरवर हात थांबणं, रबर लावून वेगळं करणं, मांडीखाली लपवणं. पैसे अजून घराबाहेर गेलेले नाहीत. तरी तिने लपवलंय, आणि ते तिला कळलंय. लिहिताना भावनेचं नाव घ्यायची इच्छा झाली की थांबा आणि हात काय करताहेत ते लिहा.

पायरी सहावी: सुटकेचं दार आधीपासून घरात असू द्या

करिंथकरांस पहिलं पत्र, 10:13. परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. हे वचन आपल्याला पाठ आहे, आणि त्याचाच आपण कथेत सगळ्यात जास्त गैरवापर करतो. सकाळी दारात पाकीट सापडतं, त्यात नेमके पस्तीस हजार. देव असं करू शकतो हे मी मानते, आणि अशा साक्षी देणारी माणसं खोटं बोलतात असं मला कधीही वाटलेलं नाही. पण साक्ष आणि कथा यांचे नियम वेगळे. साक्षीत माणूस समोर उभा असतो, आपण त्याचा चेहरा ओळखतो. कथेत पाकीट लेखकाने ठेवलेलं असतं, हे वाचकाला ठाऊक असतं.

म्हणून दार बाहेरून आणू नका. ते कथेच्या पहिल्या पानापासून तिथेच असावं, फक्त त्यातून जायची किंमत नायिकेला परवडत नसावी. एस्तेरचं दार कोणतं? मागणं. मंडळीत गरजू घरांना मदत होते. ती यादी खजिनदार म्हणून एस्तेर स्वतः करते. कुणाला किती द्यायचे, कुणाचं नाव वगळायचं, यावर तिने वर्षानुवर्षं मत दिलंय. तिने फक्त स्वतःचं नाव त्या यादीत लिहायचं आहे. ते तिला मरणाहून जड वाटतं. चोरी करणं तिला एका परीने सोपं आहे, कारण चोरी कुणाला दिसणार नाही. मागणं सगळ्यांना दिसेल. इथे तिचा खरा मोह उघडा पडतो. तो पैशाचा नव्हताच, ‘देणारी एस्तेर’ म्हणून राहण्याचा होता.

यासाठी पहिल्या-दुसऱ्या पानावर एक छोटा प्रसंग पेरा. यादी करताना एस्तेर एखाद्या बाईचं नाव बघून म्हणते, “यांचं दर वर्षी असतंच काहीतरी.” बस, एवढंच. शेवटी तिला त्याच बाईशेजारच्या खुर्चीवर बसवा.

मदत मिळाली तरी ती निर्णयानंतर यावी, गरजेपेक्षा कमी यावी, आणि चेहरा असलेल्या माणसाकडून यावी. बारा हजार पाळकसाहेबांकडून, चार त्या बाईकडून. उरलेल्यासाठी एस्तेर कॉलेजात जाऊन मुदत मागते. मिळते की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर न मिळाली तरी कथा पडत नाही.

पायरी सातवी: प्रार्थना आणि वचन जपून वापरा

कथेतली प्रार्थना आपण उपासनेतल्यासारखी लिहितो, ‘हे दयाळू स्वर्गीय बापा’पासून ‘आमेन’पर्यंत सुबक. रात्री एक वाजता, मांडीखाली पैसे ठेवून बसलेली बाई तशी प्रार्थना करत नाही. ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागते आणि रोजच्या भाकरीपाशी अडखळते. पुढचं वाक्य ऋणांच्या क्षमेचं, त्याच्या पुढचं परीक्षेचं. ते तिच्या तोंडून निघत नाही. ‘प्रभू, सोमवार’, एवढंच म्हणते. मार्क 9:24 मधला बाप असाच ओरडतो, मी विश्वास धरतो, माझ्या अविश्वासात मला मदत कर. एका श्वासात दोन्ही. विश्वास दाखवायचा असेल तर त्याच्यासोबत त्याची उणीवही दाखवा.

वचनं कथेभर शिंपडू नका. एखाद-दुसरं पुरे, आणि ते नायिकेच्या उपयोगी पडण्यापेक्षा तिला बोचलेलं बरं. उद्धृत करताना मंडळीत जे भाषांतर वाचलं जातं तेच घ्या, शब्द नि शब्द पडताळून, आणि अध्याय-ओवी लेखकाने न सांगता पात्राच्या तोंडून आली तर उत्तम. आठवणीतून लिहिलेलं वचन हमखास थोडं चुकतं आणि म्हातारी माणसं ते लगेच पकडतात.

भाषेचंही तसंच. आपली माणसं देवळात एक मराठी बोलतात आणि घरी दुसरी. नगरकडून आलेल्या आजीची मराठी वेगळी, कॅम्पात वाढलेल्या नातवाची वेगळी. एस्तेर पाळकसाहेबांना ‘तुम्ही’ म्हणते, प्रभूला ‘तू’. दीर तिला ‘वहिनी’ म्हणतो, मंडळी ‘एस्तेरताई’, शेजारच्या काकू नुसतं ‘एस्तेर’. हे नीट सांभाळलं तर अर्ध्या व्यक्तिरेखा न सांगता उभ्या राहतात. घरही आपलंच दिसू द्या. नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरणारं मराठी ख्रिस्ती घर कथेत फार कमी दिसतं. दिसतं ते परदेशी कार्डावरचं बर्फ.

पायरी आठवी: पडली तर

एस्तेर पैसे घेते, अशीही कथा होऊ शकते, आणि कदाचित तीच जास्त सशक्त होईल. मग लगेच शिक्षा देऊ नका. मुलगी आजारी पडली, पैसे चोरीला गेले, असे योग जुळवून आणले की देव सूड घेणारा दिसतो. काहीच होऊ देऊ नका. हप्ता भरला, दहा तारखेला पैसे परत ठेवले, कुणाला कळलं नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी तिला रांगेत उभं करा. भाकर हातात येते. आता लिहा.

कबुलीपर्यंत तिला कोण नेणार? पाप केलेल्या दावीद राजाकडे नाथान संदेष्टा गेला तो आरोप घेऊन नव्हे, गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट घेऊन गेला (2 शमुवेल 12). तुमच्या पाळकसाहेबांनाही प्रवचन देऊ देऊ नका. त्यांना काही माहीतच नसावं. ते सहज म्हणतात, “एस्तेरताई, हिशेब तुमच्याकडे आहे म्हणून मी निश्चिंत झोपतो.” यापेक्षा धारदार नाथान नाही.

आणि कृपा. पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं; पुनरुत्थानानंतर योहान 21 मध्ये पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि तीनदा एकच प्रश्न आहे, माझ्यावर प्रीती करतोस का? तसाच विस्तव, तेवढ्याच वेळा. कृपा लिहायची ती अशी. पाप जिथे, ज्या वस्तूसोबत घडलं, तिथेच माणसाला परत न्या आणि त्याच्या हातात काम द्या. एस्तेरने सगळं सांगितल्यावर पाळकसाहेब किल्ली परत मागतील की तिच्याकडेच ठेवतील? किल्ली काढून घेतली तर ते योग्यच होईल. ठेवली तर काय होईल, हे मला वाचायला आवडेल.

पैशापलीकडचा एक विषय

पेत्राची गोष्ट निघालीच आहे म्हणून हे. आपल्याकडे नाकारण्याची एक जागा आहे जिच्याबद्दल कथा जवळजवळ कुणी लिहीत नाही: अर्जातला धर्माचा रकाना. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा बहुतांशी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. शाळेच्या दाखल्यावर आजोबांच्या वेळची नोंद आहे, घरात दर रविवारी उपासना आहे, आणि मुलाच्या हातात प्रवेशाचा अर्ज आहे. खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, “धर्म?” अंगणातल्या दासीने पेत्राला विचारलं होतं तसंच, सहज.

यावर लिहाल तर दोन गोष्टी सांभाळा. जी घरं दाखल्यावरची नोंद तशीच ठेवतात त्यांना खलनायक करू नका. त्यांच्यावर आलेला भार त्यांनी मागितलेला नव्हता. आणि कायद्याचा तपशील अचूक ठेवा, कारण इथे एक ओळ चुकली तर अख्खी कथा प्रचार वाटू लागते. मुलाचं उत्तर कथेत आलंच पाहिजे असं नाही. त्याच्या आईने घरी त्याला काही विचारलं की नाही, हे आलं तर पुरे.

शेवटची पायरी: देण्याआधी

पहिला खर्डा झाला की दोन आठवडे बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, आणि विश्वास न मानणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला ऐकवा. तिला एकच प्रश्न विचारायचा: “तू असतीस तर पैसे घेतले असतेस का?” ती पटकन ‘नाही’ म्हणाली तर तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर परत जा, मोह अजून हलका आहे. ती गप्प बसली तर कथा जमली. त्यानंतर पाळकसाहेबांना किंवा फादरांना वाचायला द्या. कथा सौम्य करून घ्यायला नको, उपासनेचा क्रम, संस्कारांचे तपशील आणि शिकवणुकीतली चूक काढायला.

मंडळी लहान असते, सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणा खऱ्या खजिनदाराच्या आयुष्यातून बीज घेतलं असेल तर पद बदला, पेठ बदला, बाईचा पुरुष करा, हार्वेस्टच्या जागी देवळाच्या दुरुस्तीचा निधी आणा. एवढं बदलूनही वाचणारा ‘ही अमक्याची गोष्ट’ म्हणाला, तर ती कथा अंकाला देऊ नका. मोहाचा आराखडा तेवढा ठेवा आणि माणसं, घर, वस्तू नव्याने मांडा. अंक डिसेंबरात निघतो. ऑगस्टमध्ये लिहायला बसलात तर यासाठी वेळ मिळतो.